दातानं तोडलेलं सूत

सारसोळ्याच्या कोळीवाड्यात कुणाचं बोट सुजलं की निदान एकच, माशाचा काटा मोडलाय! त्यामुळे गंगूच्या बोटावर पाण्याच्या पुटकुळ्यांचा घोस उठला नि बोट ठणकू लागलं, तेव्हा सासूनं, पुतळाबाईनं, मासळीची सुरी सरळ चुलीत तापत घातली.

"शिंगाल्याचा काटा हाय. चिरला का मोकला व्हईल."

"आये, आठ दिस शिंगाल्याला हात नाय लावला मी!" म्हणत गंगू सहा महिन्यांच्या कान्हाला घेऊन दाराबाहेर पळाली.

"बोट हाय ते आये, बोंबील नाय," नवरा रोहिदास हसला आणि तिला बेलापूरच्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर मालतीबाईंनी बोट पाहिलं, मग गंगूच्या ओठावरची वाळकी खपली पाहिली.

"हे तापात आलं होतं ना? काम काय करतेस?"

"जाली शिवते. सूत दातानं तोडते."

"मग ओठावरचाच संसर्ग सुतानं पडलेल्या चिरेतून बोटात उतरलाय. पू नाही यात. चिरलं असतंस तर पसरलं असतं, पिकलं असतं. बांधून ठेव, आपोआप बरं होईल. पण खपली पडेपर्यंत बाळाला हे बोट लावायचं नाही, मुकाही घ्यायचा नाही. तान्ह्याच्या जिवावर बेततं."

मुका नाही! गंगूला ठणका त्यापुढे काहीच वाटेना.

त्या दिवसापासून पुतळाबाई कान्हाला गंगूच्या अंगाशी धरू लागली नि गंगू पट्टीचं बोट छपराकडे करून त्याला पाजू लागली. "वारा कंचा हाय गो?" ते वर केलेलं बोट बघून रोहिदास विचारायचा. बाळाची अंघोळ त्याच्याकडे आली. बायका कुंपणावरून ओरडायच्या, "रोहिदासदादा, आज जाल्यात काय गावला?"

"जिताडा! लय चुलबुल करतो!"

अठराव्या दिवशी खपली पडली. मालतीबाईंनी ओठ पाहिला, बोटाची गुलाबी कातडी पाहिली आणि मान डोलावली. दवाखान्याच्या पायरीवरच गंगूनं लेकाच्या गालावर ते बोट टेकवलं. त्यानं ते मुठीत गच्च धरलं, सोडीचना. मग मुके सुरू झाले, ते घर येईपर्यंत.

घरी जाळ्याशेजारी घासूनपुसून तीच मासळीची सुरी टांगलेली होती.

"सूत हिनं कापायचा," पुतळाबाई म्हणाली. "दात लावलास तर बग!"