आई ताट पुढे का सरकवायच्या

लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव वाटून खायच्या विधीला बसले, तेव्हा माझं लक्ष प्रार्थनेकडे कमी आणि पावाकडे जास्त होतं. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये कागदासारख्या पातळ चकत्या मिळायच्या. तोंडात ठेवल्या की टाळूला चिकटायच्या. इथे खराखुरा पाव होता. गोल, वरून तपकिरी, आदल्या दुपारी आमच्याच स्वयंपाकघरात भाजलेला. पाळक त्याला प्रार्थनेत भाकर म्हणायचे, घरात आम्ही पावच म्हणायचो. तो करायच्या माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. पीठ मळताना त्या कुणाशी बोलत नसत आणि कुणाला हातही लावू देत नसत.

तुकड्यांचं ताट हातोहात फिरत आमच्या रांगेत आलं. आत्यांनी, म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीनं, एक तुकडा उचलला आणि ताट आईंकडे दिलं. आईंनी ते दोन्ही हातांनी धरलं, मान लववली आणि काहीच न घेता माझ्याकडे सरकवलं.

मला वाटलं, चुकून राहिलं असेल. पुढच्या वेळी मुद्दाम पाहिलं. तसंच. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच.

मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. नमुन्यात काही वेगळं दिसलं की काच पुन्हा भिंगाखाली धरायची, ही तिथली शिस्त. घरी त्याच सवयीला भोचकपणा म्हणतात. मी नवऱ्याला विचारलं.

"आईला गव्हाचा त्रास होत असेल," तो म्हणाला.

"सकाळी चहाबरोबर त्या काय खातात?"

"पाव." तो जरा विचारात पडला. "मी कधी लक्षच दिलं नाही. पण तू कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?"

"भाजतात तुझ्या आई. मी नुसतं विचारतेय."

मग मी पाळकांना गाठलं. ते तरुण होते, नुकतेच या मंडळीत आले होते, आणि आल्या आल्या त्यांनी सभागृहाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत प्रेम, क्षमा, सेवा, एकोपा असं रंगवून घेतलं होतं. माझा प्रश्न ऐकून ते कान खाजवत राहिले. "मलाही कळलेलं नाही. विचारणार होतो, पण त्यांच्यासमोर माझी मती गुंग होते. तुम्हाला कळलं तर..." इथे ते स्वतःच थांबले. "नको, मला सांगू नका. त्यांनाच विचारा."

म्हणून एका शनिवारी आई पीठ मळत असताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि विचारून टाकलं. आईंचा हात थांबला नाही.

"इतके महिने लागले होय तुला?" त्या म्हणाल्या. "पहिल्याच रविवारी तुझ्या डोळ्यांत दिसलं होतं मला. बस."

मी स्टुलावर बसले.

"वचन तुला ठाऊक आहे. अर्पण घेऊन देवापुढे आलीस आणि तिथे आठवलं की कुणाच्या तरी मनात आपल्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचं. आधी जाऊन त्या माणसाशी मिटवायचं. माझं अर्पण म्हणजे हा पाव. तो मी ठेवते. पण मिटलेलं नाही, म्हणून खात नाही."

"कुणाशी मिटलं नाही?"

"वन्संशी."

मला खरंच वाटेना. आत्या आमच्या शेजारी बसायच्या, एकाच पुस्तकातून दोघी गायच्या, कुणाच्या घरी आजारपण असलं की मिळून भेटायला जायच्या.

"हे गेले तेव्हा वन्सं दुसऱ्या गावाला राहायच्या," आई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले होते, अजून थोडे दिवस आहेत. मी त्यांना कळवलंच नाही. त्या आल्या असत्या तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं, आणि ह्यांना शांतता हवी होती. असं मला वाटलं. डॉक्टरांचा अंदाज चुकला. वन्सं आल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं."

"मग तुम्ही माफी मागितलीत ना?"

"कितीदा. दर वेळी त्या चहा करतात आणि म्हणतात, कसली माफी, वहिनी? आपल्यात काही झालंय का? जे झालंच नाही, ते मिटवायचं कसं?"

त्यांनी पिठावर ओलं फडकं टाकलं आणि मला भांडी घासायला लावली. विषय संपला. माझा मात्र सुरू झाला. आत्या आता दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या, शिवणकाम करायच्या. माझ्या एका झग्याची बाही सैल होतीच. ती मी मुद्दाम त्यांच्याकडे घेऊन गेले.

आत्यांनी तोंडात टाचण्या धरून बाही मोजली. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग आईंचं ताटाचं सांगितलं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या.

"ते दिसतं मला. माझ्याच हातातून जातं ना ताट."

"तुम्हाला राग आहे का त्यांचा?"

"तू लॅबमध्ये सुया टोचतेस, ते काम बरोबर मिळालंय तुला." त्या हसल्या, पण फक्त ओठांनी. "हे बघ पोरी. मी उद्या म्हटलं की हो, मला राग आहे, की लगेच पाळक येतील, बायका येतील, माझ्याभोवती गोल करून प्रार्थना करतील. आणि मला माफ करावं लागेल. आपल्या मंडळीत रागवायला कुणी वेळच देत नाही. भिंतीवर क्षमा रंगवली आहे. तिच्याआधी खरं बोलावं लागतं, ते रंगवायचं राहूनच गेलं."

"मग बोला की खरं."

"बाही परवा ने," आत्या म्हणाल्या.

मी नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. तो नुसता म्हणाला असता, बघ, सांगितलं होतं ना.

त्यानंतर आई चर्चच्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये गेला. प्रभुभोजनाचा रविवार तोंडावर आला होता. बायका म्हणाल्या, दुकानातून आणू. आईंनी चेहरा असा केला की पुन्हा कुणी ते नाव काढलं नाही. मी मळायला बसले, तर माझं पीठ आधी बोटांना चिकटलं, मग कोपरापर्यंत पोचलं. आई डाव्या हातानं कपाळ धरून बघत होत्या.

तेवढ्यात आत्या आल्या. कुणी बोलावलं होतं, अजूनही माहीत नाही. मी नव्हतं. त्यांनी बाह्या सारल्या, मला कोपरानं बाजूला केलं आणि परातीसमोर उभ्या राहिल्या.

"सांगा, वहिनी. पाणी किती?"

"अजून थोडं. एवढं नको. हं."

थोडा वेळ नुसता पीठ आपटल्याचा आवाज येत होता. आत्यांचे हात शिंपिणीचे, बळकट. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "दादानं माझं नाव काढलं होतं का?"

मी आईंकडे पाहिलं. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. नाही म्हणणं किती सोपं होतं, आणि त्या खोलीत खरं ठाऊक असणारं दुसरं कुणी नव्हतं.

"काढलं होतं," आई म्हणाल्या. "म्हणाले, तिला बोलाव. मी म्हटलं, उद्या बोलावते. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले. मी पुन्हा तेच म्हटलं."

आत्यांचे हात पिठातच राहिले. "म्हणजे तो वाट बघत होता."

"हो."

"आणि हे तू मला आज सांगतेस."

आत्यांनी आईंना कधी अगंतुगं केलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यानंतर त्या जे बोलल्या, ते सगळं मी लिहिणार नाही. आवाज चढला नाही. उलट खाली खाली गेला. बोलावलं असतंस तर मी मिळेल त्या गाडीनं आले असते, म्हणाल्या. रडले असते, हो. तो माझा भाऊ होता, रडायचा हक्क होता माझा. तू कोण ठरवणारी? आई एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता तरी म्हणतील की मी दमले होते, घाबरले होते. त्या फक्त म्हणाल्या, "खरं आहे. मी ठरवायला नको होतं."

आत्या पिठाच्या हातांनीच निघून गेल्या. दाराच्या कडीवर पीठ वाळून राहिलं. परातीतलं उरलेलं मीच कसंबसं मळलं.

दुसऱ्या दिवशी पाव असा झाला होता की पाळकांना तो मोडताना दोन्ही कोपरं लावावी लागली. रांगारांगांतून लोक गंभीर चेहऱ्यानं चावत होते, आणि एका म्हाताऱ्या काकांनी कवळी सावरली. एरवी मला हसू आवरलं नसतं. पण ताट आमच्या रांगेत आलं होतं, आणि आत्यांनी तुकडा न घेता ते आईंकडे दिलं. आईंनी नेहमीसारखं माझ्याकडे. मीही न घेता पुढे सरकवलं. माझाही घास उतरला नसता. एक बाई पाव खात नव्हती, तिथे आता तिघी झाल्या. कुठून ही चौकशी केली, असं मला झालं.

पाळकांना ते दिसलं. ते संध्याकाळीच आत्यांकडे गेले. आत्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "मला वहिनीचा राग आहे. प्रार्थना आत्ता नको. तुम्ही अधूनमधून येऊन नुसते बसलात तर चालेल." आणि पाळकांचं हे मला फार आवडलं, ते खरंच जात राहिले आणि नुसते बसत राहिले. एकदा त्यांच्या कोटाचं बटणही आत्यांनी लावून दिलं.

आई वाट बघत होत्या. प्लास्टर निघालं, मनगट बरं झालं. आत्या आता दुसऱ्या रांगेत बसायच्या. बायकांत कुजबुज झाली. एकीनं आईंना म्हटलं, "एवढी वर्षं बरं चाललं होतं." आई म्हणाल्या, "बरं दिसत होतं."

मग एके दिवशी दुपारी दार वाजलं. आत्या होत्या. चपला काढून आत आल्या आणि आईंसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"आणखी काय म्हणाला तो?"

आई समजल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. "शेवटी शेवटी लहानपणचं बोलायचे. तुमची बाहुली चुलीत पडल्याचं सांगायचे. म्हणायचे, ती मीच टाकली होती आणि नाव मांजराचं सांगितलं."

आत्या बघत राहिल्या. "मला वाटायचंच," त्या म्हणाल्या, आणि मग रडायला लागल्या. खरंच त्यांनी घर डोक्यावर घेतलं. शेजारीण खिडकीत आली. मी तिला हातानंच काही नाही म्हणून सांगितलं. आई उठल्या नाहीत, गप्प करायलाही गेल्या नाहीत. आत्यांचं रडून होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

त्यानंतर आत्या वरचेवर येऊ लागल्या, आणि दर वेळी प्रश्न घेऊन यायच्या. जेवण जात होतं का? पाय कोण चेपायचं? कोणतं गीत म्हणा म्हणायचा? आई आठवून आठवून सांगायच्या. आठवत नसलं तर तसं सांगायच्या, रचून काही सांगायच्या नाहीत. मधल्या एका रविवारी दोघींनी तुकडा घेतला, आणि मीही घेतला. घरी येताना मला राहवलं नाही. मी आत्यांना विचारलं, "राग गेला का?"

"थोडा आहे," त्या म्हणाल्या. "पण तो तिला माहीत आहे. म्हणून घेतला."

आणि दोघी परत वादाला लागल्या, सासऱ्यांना वरचा सूर लागायचा की नाही यावरून. आई म्हणत होत्या, लागायचा. आत्या म्हणत होत्या, तू बायको आहेस, तुला काय कळणार, तो जन्मापासून बेसूर होता. मी सासऱ्यांना कधी पाहिलेलं नाही. मी मध्ये चालत होते आणि दोन्हीकडचं ऐकत होते.