खैरदरीची सहल

माझी बायको पद्मजा म्हणते, की देव जरी दारात उभा राहिला तरी मी आधी त्याच्याकडे दोन साक्षीदार मागेन. मागेनच. उभी नोकरी दारव्ह्याच्या कोर्टात काढली. शपथ घेऊन माणसं किती खोटं बोलतात ते रोज ऐकलं. मग शपथ न घेता ती काय बोलत असतील याचा विचार मी का करू नये? भाजीवाल्यापासून भटजीपर्यंत माझा कुणावर विश्वास नाही, आणि आजवर त्यात माझं नुकसान झालेलं नाही.

त्या उन्हाळ्यात माझा संशय घरातच होता. आमची एकुलती एक मुलगी केतकी सत्ताविशीत आली होती आणि एकामागून एक स्थळं नाकारत होती. एकाचे कान मोठे, दुसरा फार बोलतो, तिसरा बोलतच नाही. आता अमरावतीचं एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा इंजिनियर, आणि त्यांना सोमवारी उत्तर द्यायचं होतं. विचारलं की केतकी म्हणायची, बघू. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला कोर्टात नोकरी केलेली असावी लागत नाही.

ती एका संस्थेत कामाला होती. कापसाचा भाव पडला, गावागावांतून वाईट बातम्या येऊ लागल्या, आणि त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसापेक्षा अभ्यासक जास्त पिकले. पुण्याचे, दिल्लीचे, परदेशातले सुद्धा. केतकी त्यांच्याबरोबर गावोगाव फिरायची. त्या फिरण्यातच कुणीतरी भेटलं असणार, हा माझा कयास. कोण, तेवढंच कळत नव्हतं.

आणि एक दिवस तिने सुचवलं, की रविवारी आपण तिघं सहलीला जाऊ. धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की बुडालेल्या जुन्या खैरदरीचं देऊळ वर येतं. नावेतून ते दाखवायला नेतात, मग पलीकडच्या नव्या खैरदरीचा आठवडी बाजार दाखवतात, आणि संध्याकाळी परत आणून सोडतात. कापसाचं वाटोळं पाहायला आलेल्या पाहुण्यांना रविवारी करमत नाही, त्यांच्यासाठी काढलेली ही सोय. आमच्याबरोबर कधी शेजारच्या लग्नाला न येणारी मुलगी भर एप्रिलात आईबापांना पडकं देऊळ दाखवणार? आणि घाटंजीच्या बाजाराला उन्हामुळे नाही म्हणणारी पद्मजा लगेच हो म्हणाली. शिवाय तिने त्या दिवशी नारायणपेठी नेसली आणि बेसनाचे लाडू करून घेतले. माझी पाण्याची बाटली खांद्याला लावली आणि निघालो. बाहेरचं पाणी मी पीत नाही, सख्ख्या मेहुणीकडेही नाही. दर उन्हाळ्यात कावीळ कुठून येते ते लोकांना कळत नाही, मला कळतं.

नाव मासेमारीची होती, वर कापडाचं छप्पर टाकलेलं. ती चालवायला भावसिंग नावाचा म्हातारा होता. तो जवळच्या तांड्यावरचा, आणि त्याचं सगळं लक्ष पाण्याकडे असायचं. माहिती सांगायला संघदीप नावाचा तरुण होता, तीस-बत्तीसचा, सावळा, इस्त्रीचा शर्ट. पूर्वी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कारकून होता, जिनिंग बंद पडलं तेव्हापासून हे काम. याखेरीज पुण्याचं एक अभ्यासक जोडपं होतं, त्यांचा कॅमेरा डोळ्यांवरून खाली आला नाही.

नाव सुटली आणि मी केतकीवर लक्ष ठेवलं. ही मुलगी रिक्षावाल्याशी वाद घालते, बँकेत साहेबाला प्रश्न विचारते, कीर्तनात बुवांना अडवते. संघदीप बोलत होता, पाण्याखाली कुठे शाळा होती, कुठे पार होता ते दाखवत होता, आणि आमची केतकी एक शब्द विचारत नव्हती. त्याच्याकडे बघतही नव्हती. तोही तिच्याकडे बघत नव्हता. अनोळखी माणसं एकमेकांकडे एकदा तरी बघतात. जी अजिबात बघत नाहीत ती अनोळखी नसतात.

तरी पुरावा हवा होता, म्हणून मी सरकत सरकत त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

आमच्याकडे जात सरळ विचारणं असभ्य समजतात. म्हणून आम्ही गाव विचारतो. मग घर गावात कोणत्या बाजूला ते विचारतो. मग कुलदैवत. तिसऱ्या प्रश्नापर्यंत माणूस पुरता उलगडतो आणि आपण सभ्यच राहतो. गाव त्याने सांगितलंच होतं, जुनी खैरदरी. वडील एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. आई घरीच असते. शिक्षण बीकॉम. तब्येत वगैरे ठीक, व्यसन नाही, सुपारीचं सुद्धा नाही. हे सगळं मी गप्पांच्या ओघात काढून घेतलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, की तुमचं घर गावात कोणत्या बाजूला होतं.

त्याने हात लांब करून पाणी दाखवलं. "आता तं सगळ्या गावाची बाजू एकच हाय, काकाजी. पाण्याखाली."

पुण्याची बाई हसली. मला हसू आलं नाही. मी कुलदैवतावर आलो. तो म्हणाला, तसं काही नाही, माय सकाळी बुद्धवंदना घेते तेवढंच. वंदना म्हटल्यावर मला जे कळायचं ते कळलं.

जातपात मी मानत नाही, असं मी नेहमी म्हणतो. म्हणायला काही खर्च येत नाही. पण त्या नावेत बसून मला राग आला, आणि तो कशाचा आला हे मला नीट ठाऊक होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते सुद्धा बापापासून. मला वाटलं, आत्ताच नाव वळवायला सांगावी.

देवळाशी पोचलो. काळ्या दगडाचं हेमाडपंती, शिखर पडलेलं, खांबांवर पाण्याची पांढरी रेघ. गाभाऱ्यात गाळ. मी संघदीपला विचारलं, कोणत्या राजाने बांधलं. खोटं बोलला असता तर तिथेच धरला असता. तो म्हणाला, लोक यादवांचं नाव सांगतात, पण लिहिलेलं काही सापडलं नाही, त्यामुळे मी सांगत नाही. या उत्तराने तर माझी जास्तच चिडचिड झाली.

पुरावा त्याआधीच मिळाला होता, तिथे नावेतून उतरताना. काठाला शेवाळ होतं, पाय घसरत होता. संघदीपने पद्मजाला हात दिला, पुण्याच्या बाईला दिला, मलाही दिला. केतकीची पाळी आली तेव्हा तो पाठ फिरवून दोर आवळू लागला. दोर भावसिंगने आधीच बांधला होता. सगळ्यांना हात देणारा माणूस एकीलाच देत नाही, याचा अर्थ लावायला वकील लागत नाही. केतकी एकटी उतरली, घसरता घसरता वाचली, आणि तिच्या तोंडावर मला न दाखवण्यासारखं हसू होतं.

मी मनाशी पक्कं केलं. आता चकार शब्द काढायचा नाही. घरी गेल्यावर दोघींना समोर बसवायचं आणि सोमवारी अमरावतीला होकार कळवायचा.

उन्हं चढायच्या आत नाव पलीकडे लागली. नव्या खैरदरीचा बाजार चढापासूनच सुरू होत होता. आंबाडीच्या जुड्या, टेंभरं, सुकट, प्लॅस्टिकच्या बादल्या. पुण्याचं जोडपं संघदीपच्या मागे बाजारात शिरलं. मीही निघालो, तर पद्मजा लाडवांचा डबा घेऊन भलत्याच गल्लीकडे वळली. माझ्या मागून भावसिंग म्हणाला, "जा ना साहेब. देवरावभाऊ सकाळपासून वाट पाहून राह्यले."

देवराव म्हणजे संघदीपचे वडील, हे मला दोन पावलांनंतर कळलं. आणि आणखी एका पावलानंतर कळलं, की आज मी सहलीला आलेलोच नाही.

नव्या गावाला बाजू नव्हत्या. सरकारने प्लॉट पाडून सगळ्यांना ओळीने बसवलं होतं. एका घरापुढे निंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. देवराव उभे होते, उंच, पांढरी पँट, पांढरा शर्ट. त्यांची बायको प्रभावती पद्मजाला हाताला धरून आत घेऊन गेली, पहिल्यांदा भेटलेल्या बायका तशा धरत नाहीत. मी केतकीला विचारलं, हा काय प्रकार आहे. तिच्याऐवजी दारातून पद्मजाने उत्तर दिलं.

"अहो, सकाळपासून मुलाला शिक्षण विचारलंत, नोकरी विचारलीत, व्यसन विचारलंत, गावातलं घरसुद्धा विचारलंत. मुलगा पाहायला गेल्यावर याहून वेगळं काय विचारतात? मी म्हटलं, सांगून नेलं तर तुम्ही येणार नाही."

मी खुर्चीत बसलो. माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, हा खटला माझ्याविरुद्ध कधीपासून चालू होता कोण जाणे. केतकी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती म्हणाली, बाबा, मला लपून करायचं नव्हतं. आवाज कापत होता. ती कुठल्या मास्तरालाही कधी घाबरली नाही आणि त्या क्षणी मला घाबरत होती. माझा राग अर्धा तिथेच विरघळला. उरलेला मी सवयीने धरून ठेवला.

तेवढ्यात प्रभावतीबाई ट्रेमध्ये पाणी घेऊन आल्या. स्टीलचे लखलखीत पेले. पहिला पेला माझ्यापुढे धरला.

"नको," मी म्हणालो, "आमचं पाणी आहे बरोबर." आणि खांद्यावरची बाटली उघडली.

हे मी मेहुणीकडे म्हणतो. हे मी व्याह्यांच्या, म्हणजे भावाच्या व्याह्यांच्या, घरी भर पंगतीत म्हणालेलो आहे. शब्द तोंडातून बाहेर पडून गेले तेव्हा मला कळलं, की ते मी कुठे बसून म्हणालो. प्रभावतीबाईंचा हात पुढेच राहिला. केतकीने डोळे मिटले.

मी घाईघाईने सांगू लागलो, की मी कुठेच पीत नाही, कावीळ होते, पद्मजाला विचारा. जितकं सांगत गेलो तितकं ते खोट्या साक्षीसारखं ऐकू येत गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे माझा मलाच संशय आला. खरंच कावीळच ना? दुसऱ्या कुणाच्या अंगणात मी घाईघाईने एवढी सफाई दिली असती का? मी पेला उचलला आणि सगळा पिऊन टाकला. पण उशीर झाला होता. आता तो दाखवण्यासाठी प्यायल्यासारखा झाला.

देवराव माझ्यासमोर बसले. आयुष्यभर प्रवाशांची तोंडं वाचलेला माणूस, तो माझ्याकडे शांतपणे बघत होता.

"तुमी आज पोरगा पाह्यला," ते म्हणाले. "आमी पोरगी पाह्यली हाय. दोनदा घरी येऊन गेली. सोन्यासारखी हाय, तिच्यात काही कमी नाही. बाप पाहाचा राह्यलता."

मी काही बोलणार तर त्यांनी हात वर केला.

"सकाळपासून तुमी त्याले आडून आडून विचारलं असन, मले माहीत हाय. सरळ विचारलं असतं तं सरळ सांगितलं असतं. माह्यं एकच म्हणणं हाय, साहेब. पोरगी इथं सुखात राहीन, त्याची गॅरंटी मी देतो. पण माहा पोरगा जावई म्हणून तुमच्या घरी येईन, तवा त्याले घोट घोट मोजून प्या लागन का, हे मले आज कळलं पायजे होतं."

संघदीप बाजारातून परत आला होता आणि कुंपणाशी उभा होता. त्याने बापाला "बाबा, राहू द्या ना" म्हटलं. त्याने पहिल्यांदाच केतकीकडे सरळ पाहिलं, आणि तिनेही. मी तेव्हा दोघांकडे बघितलं आणि मला खरोखर वाटलं, की हे जमावं. इतकं मला अमरावतीबद्दल कधी वाटलं नव्हतं.

चहा झाला, लाडू वाटले गेले, पद्मजा आणि प्रभावतीबाई आत बोलत राहिल्या. निघताना मी देवरावांना नमस्कार केला आणि विचारलं, मग आता? आजवर हा प्रश्न मला मुलांच्या बापांना विचारावा लागला नव्हता. आमचीच मुलगी नाही म्हणायची.

देवराव माझे हात हातात घेऊन म्हणाले, "घरात बोलतो. विचार करा लागन. कळवतो."

"कळवतो" म्हणजे काय, ते लग्नाच्या मुलीचा बाप झालेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

सोमवारी अमरावतीहून फोन आला, तेव्हा मी सांगितलं की मुलीचं दुसरीकडे बोलणं चालू आहे. पद्मजाने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. तेव्हापासून फोन वाजला की मीच उठतो. कधी संस्थेचा असतो, कधी चुकीचा नंबर. खैरदरीहून अजून काही कळलेलं नाही. केतकी कामावरून येते, माझ्या तोंडाकडे एकदा बघते आणि आत जाते. त्यांनी नाही म्हटलं, तर ते कशामुळे, हे मी तिला सांगायची गरज पडणार नाही. तिने ते तिथेच, निंबाखाली, डोळे मिटून घेतले तेव्हाच ऐकलं आहे.