वाढायच्या आधी

व्यासराजांना सगळ्यात जास्त चीड आली होती ती स्वतःची. कुंभकोणम्‌च्या कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, आणि मुंबईहून आलेल्या माहितीपटवाल्याला "पैसा कुणाचा?" एवढंही विचारलं नाही! का, तर तो मराठीत बोलला. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेलं मराठी घर, घराबाहेर सारा दिवस तमिळ, त्यात हा कारखानीस दारात उभा राहून म्हणतो, "तुमची जुनी मराठी किती गोड हो!" झालं. म्हातारा लोण्यासारखा विरघळला.

कॅमेऱ्यापुढे मात्र ते तोलूनमापून बोलले होते. प्रयोगात वनस्पती तूप खाऊन उंदीर मेले नाहीत, हे खरं. पण प्रयोग तोकडा आहे, पुढच्या पिढीच्या उंदरांबद्दल वाद आहे, तोवर मुलांना घालू नका. काल टॉकीजमध्ये पडद्यावर त्यातलं पहिलंच वाक्य उरलं, आणि शेवटी वनस्पतीच्या कंपनीचा भला मोठा डबा. हरामखोर लेकाचा!

सकाळीच राजगोपाल आला, त्यांचा जुना विद्यार्थी, तोही इथल्याच मराठी घरातला. गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलाच्या उत्सवाची पंगत त्याच्याकडे. "सर, तुम्हीच म्हणालात, मग यंदा वनस्पतीच आणतो." व्यासराजांनी परोपरीने समजावलं. "पडद्यावर तोंड तर तुमचंच होतं की," तो म्हणाला. म्हणजे गावची पोरं ते खाणार, आणि व्यासराजांच्या नावावर!

कारखानीस अजून गावातच होता. व्यासराजांनी दोघांनाही जेवायला बोलावलं.

"त्या चोरास जेवण?" गंगाबाई नवऱ्यावर कडाडली.

"जेवणच. आणि त्याच्या कंपनीचा एक डबा आणव."

भातावर तूप पडल्याशिवाय घास उचलायचा नाही, ही घरची रीत. गंगाबाई त्या डब्यातलं घेऊन आधी कारखानीसाच्या पानाशी आली. "हे वनस्पती आहे हो. सांगून वाढत्ये."

कारखानीसाने चटकन भातावर हात आडवा धरला. "नको नको, काकू! मला साजूकच लागतं. आमच्या घरी तर हे आणतच नाहीत."

"का बरं?" राजगोपालने विचारलं.

"नाही, म्हणजे... लहान मुलं आहेत ना घरी." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

राजगोपाल त्या आडव्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, उत्सवाला तूपच आणतो."

"कारखानीस," व्यासराज म्हणाले, "आमची मराठी जुनी खरी. पण काय वाढतोय, ते आम्ही आधी सांगतो. पैसा कंपनीचा आहे, हे तुम्ही सांगितलं नाहीत."

कारखानीसाने भातावरचा हात हळूच मागे घेतला.

"वाढ गो ह्यांना साजूक," व्यासराज बायकोला म्हणाले. "आणि तो डबा निघताना बरोबर बांधून दे. लहान मुलं आहेत ह्यांच्या घरी."