उजळ करा म्हटलं म्हणून

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी जन्मभर सरकत आले. मी एक जुनी पट्टी आहे. फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममधली ब्राइटनेसची पट्टी. मला ना लोखंड लागलं ना लाकूड. कुणीतरी आकड्यांची जुळवाजुळव केली आणि मी पडद्यावर उमटले. माझ्या खालीच माझी धाकटी बहीण, कॉन्ट्रास्ट. मी उजवीकडे सरकले की सगळा फोटो उजळतो. ती सरकली की काळं जास्त काळं होतं, पांढरं जास्त पांढरं.

आम्ही एका फोटो स्टुडिओत नांदलो. तिथल्या फोटोवाल्या ताईंकडे लग्नाळू मुलामुलींचे आईबाप येत आणि हळूच सांगत, "जरा उजळ करा हं." म्हणजे गोरं करा. माझा भाव तेव्हा फार वधारला होता. धाकटीला कुणी विचारत नसे.

एकदा एक सुतार आजोबा आले. बायको वारली होती. दारात उभी असतानाचा तिचा एकच फोटो उरला होता आणि त्यात उजेड पाठीमागून आल्यामुळे चेहरा काळोखात बुडाला होता. नातीने आजीला पाहिलंच नव्हतं. आजोबा म्हणाले, जरा उजळ करून द्या.

ताईंच्या हाताला सवयीचं वळण. त्यांनी मला पार टोकाला नेलं. मीही ऐटीत गेले. कागदावर गोरीपान, गुळगुळीत बाई उतरली. आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"पोरी, ही कुणाची बायको?"

ताईंना वाटलं, आजोबा थट्टा करताहेत. पण आजोबांनी तो कागद परत त्यांच्यापुढे सरकवला.

"माझी सावळी होती. मी फोटो उजळ करायला सांगितलं, बायकोला नाही."

ताई ओशाळल्या. मूळ फोटो त्यांनी वेगळा राखला होता, म्हणून निभावलं. त्यांनी आजोबांना शेजारी खुर्ची दिली आणि तुम्हीच सांगा म्हणाल्या. मला जेमतेम चेहरा दिसण्यापुरतं पुढे सरकवलं. मग धाकटीला हात लावला. गालाचा सावळा रंग परतला, हनुवटीची कड उमटली. भुवयांच्या मधे एक रेघ दिसू लागली. ती पुसू का, असं ताईंनी विचारलं.

"छे, छे. ती आठी आहे. फोटो काढणाऱ्याने ताटकळत ठेवलं म्हणून चिडली होती." आजोबा पहिल्यांदा हसले. "नातीला ओळख पटायला हवी, की हा राग आपल्याला कुणाकडून आला."

मित्रांनो, आता फोटो मोबाईलमध्येच आपोआप गोरे होतात. आम्हा बहिणींकडे फारसं कुणी फिरकत नाही. त्याचं मला दुःख नाही. पण कधी माझ्यावर बोट ठेवलंत, तर हळू सरकवा. आणि तो चेहरा ओळखणारं कुणी असेल, तर त्याला शेजारी बसवून घ्या. कुठे थांबायचं ते मला कळत नाही, त्यालाच कळतं.