चोवीस चित्रं आणि एक काळा पडदा

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे आणि स्वभावाने भोचक आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे काही हलतं ते मुळात हलत नसतं. आम्ही सेकंदाला कितीतरी चित्रं काढून एकापाठोपाठ एक दाखवतो आणि तुमच्या डोळ्यांना वाटतं, दार उघडलं. चित्रं कमी पडली की दार अडखळत उघडतं. आमची सगळी इभ्रत या एका आकड्यावर.

माझा जन्म कारखान्यातला. टोप्या आणि हातमोजे घातलेल्या बायकांनी मला पंखे बसवले, तापवलं, तपासलं आणि डब्यात घातलं. डब्यावर तलवार उपसलेल्या राक्षसाचं चित्र होतं, त्यामुळे मला वाटलं, आता आयुष्यभर लढाया! कसल्या लढाया? मी पडलो एका इमारती आखणाऱ्या बाईंच्या घरी आणि तिथे स्वयंपाकघरातली कपाटं काढत बसलो.

पण खरं सांगू? मला ते काम फार आवडलं. सकाळी दहाला या फरशीवर ऊन कसं पडेल? जिना इथून वळवला तर काय दिसेल? घर बांधायच्या आधी त्यातून फिरून यायचं, म्हणजे भोचकाला मेजवानीच! एका म्हातारीने आपली खिडकी पडद्यावर बघितली आणि तिचे डोळे भरून आले. 'कार्ड भारी आहे हो तुमचं,' असं तिचा मुलगा म्हणाला तेव्हा मी दोन दिवस हवेत होतो.

वर्षं गेली. कामं जड झाली, पंख्यात धूळ बसली, मी घरघरायला लागलो. मला साफ करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि अडखळलो की बोल मात्र मलाच.

मग आलं लहान मुलांच्या हॉस्पिटलचं काम. बाईंच्या मनात होतं, वॉर्डातल्या खिडक्या खाली घ्यायच्या, म्हणजे पलंगावर पडलेल्या मुलाला बाहेरचं झाड दिसेल. हॉस्पिटलची समिती म्हणत होती, नेहमीच्या उंचीवर काय वाईट आहे? सोमवारी बाई समितीला पडद्यावर वॉर्डातून फिरवून आणणार होत्या, मुलाच्या नजरेच्या उंचीवरून. आणि मी? प्रत्येक वळणावर ठेचकाळत होतो. पाहणाऱ्याला घेरी यावी असं.

शुक्रवारी बाईंची नणंद नवं कार्ड घेऊन आली. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. पसंत नसेल तर संध्याकाळपर्यंत परत, असं दुकानाशी ठरलं होतं. ती म्हणाली, "वहिनी, जुनं काढ आणि टाक भंगारात."

"थांब," सासरे म्हणाले. त्यांची हयात प्रयोगशाळेत गेलेली. "मोजल्याशिवाय भंगार म्हणायचं नाही. तेच यंत्र, तोच वॉर्ड, दोघांना तीन-तीन फेऱ्या."

माझी पहिली पाळी. जीव तोडून धावलो. सेकंदाला चोवीस चित्रं. मग मला काढून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलं, नव्याला बसवलं. सासऱ्यांना एक खोड, हात लावलेली वस्तू पुसल्याशिवाय राहवत नाही. यंत्राची मागची बाजू पुसता पुसता एका भोकावरचं रबरी झाकण निघालं आणि त्यांनी पडद्याची वायर तिथेच खोचली. फेऱ्या झाल्या. अकरा! पुन्हा अकरा!

"नाव मोठं, लक्षण खोटं!" भिंगरीने कपाळावर हात मारला. "बाबा, मी हे आत्ताच्या आत्ता परत देऊन येते."

मित्रांनो, मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्याच क्षणी माझा भोचकपणा जागा झाला. एवढं दांडगं कार्ड आणि अकरा? बघतो तर त्याचे पंखेच फिरत नव्हते! वायर नव्या कार्डाच्या भोकात नव्हतीच, ती यंत्राच्या मुख्य पाटीच्या, म्हणजे मदरबोर्डच्या भोकात होती. प्रोसेसरच्या अंगात जी जेमतेम चित्रकला असते तिचे ते अकरा होते. नव्या बिचाऱ्याला कुणी काम सांगितलंच नव्हतं. मला सगळं कळत होतं आणि तोंड नव्हतं. बाई खुर्चीत बसून पडद्यावरचा अडखळता वॉर्ड बघत होत्या. माझा आकडा मोठा, पण त्यांचा सोमवार बुडत होता. तेव्हा मला माझ्या चोवीसची लाज वाटली.

भिंगरीने यंत्र बंद केलं. सासऱ्यांनी नवं कार्ड काढायला हात घातला आणि ते थबकले.

"अगं, हे तर गार आहे!"

"मग?"

"मघाशी जुन्याला हात लावला तर चटका बसला. राबलेलं अंग गार कसं असेल? हे राबलंच नाही." त्यांनी बोटाने वायर चाचपत नेली आणि जीभ चावली. "सूनबाई, चूक माझी. वायर भलतीकडेच लावली."

वायर जागेवर गेली. सत्त्याण्णव! वॉर्डात पाणी वाहावं तशी नजर फिरली. बाई उठून उभ्याच राहिल्या.

"झालं?" भिंगरीने विचारलं.

"वेग झाला, काम कुठे तपासलं?" सासऱ्यांनी दोघांना एकच मोठं स्थिर चित्र काढायला दिलं, पलंगावरून दिसणारी खिडकी. नव्याने सहा मिनिटं घेतली. मला पुन्हा बसवून काढायला लावलं तर एक्केचाळीस. मी शरमेने अर्धा झालो. मग बाईंनी पडद्यावर एका चित्रातून दुसरं वजा केलं. जिथे फरक असेल तिथे उजेड दिसणार होता.

पडदा काळाकुट्ट. कोपऱ्यातही ठिपका नाही.

"म्हणजे चित्रात तसूभर फरक नाही," बाई हळूच म्हणाल्या. "याला फक्त वेळ लागतो. बाबा, ज्यांना घाई नाही ती चित्रं हे काढेल. तुमच्या खोलीतल्या यंत्रात बसवू या."

आयुष्यभर मी पडदा उजळत आलो. पण माझं सगळ्यात मोठं कौतुक त्या काळ्या पडद्याने केलं.

सोमवारी नव्याने समितीला वॉर्डातून अलगद फिरवून आणलं. नंतर समितीतल्या मोठ्या डॉक्टरीणबाई मी काढलेल्या, कागदावर छापलेल्या खिडकीसमोर खुर्ची ओढून बसल्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, "घ्या खाली खिडक्या." बाईंनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी माझ्या पंख्यावर फुंकर मारली.

तर मित्रांनो, नव्याला आणा, जरूर आणा. फक्त कुणाला वाईट ठरवायच्या आधी त्याला काम पोचलंय का, ते हात लावून बघा. आणि आमची धूळ तेवढी काढत जा. बोलता येत नाही, म्हणून आम्ही घरघरतो.