स्टीलच्या रिंगा

स्टील म्हणजे लोखंड आणि लोखंड म्हणजे शनी, हे ज्ञान गेल्या महिनाभरात मला इतक्या जणांनी दिलंय, की आता कुणी घरात पाऊल टाकलं की मीच आधी सांगून मोकळी होते. बसा, चहा टाकते, आणि हो, स्टील म्हणजे लोखंड. आता पुढचं बोला.

हे सगळं रामायण माझ्या लेकीच्या कानातल्या रिंगांवरून. आरोहीचे कान जन्माचे नाजूक. खोटं घाला, चांदी घाला, कान लाल होऊन चिघळायचेच. सोन्यानंसुद्धा. डॉक्टर म्हणाले, सोन्यात जे मिसळतात ते हिच्या कातडीला चालत नाही. माझ्या सासूबाई केराबाई म्हणाल्या, सोनार चोर असणार. पोरीनं कॉलेजची सगळी वर्षं भोकं बुजू नयेत म्हणून कानात कडुलिंबाच्या काड्या घालून काढली. एकदा चुलतभावाच्या लग्नात हट्टानं सोन्याचं घातलं, तर कानाची पाळी सुजून फिरकी आतच रुतली. दवाखान्यात इंजेक्शन देऊन काढावी लागली. ती एवढंसंही ओरडली नाही, आणि तेच माझ्या डोक्यातून जात नाही.

मग तिला नवी पेठेत त्या रिंगा मिळाल्या. स्टीलच्या गोल, वर लाल, हिरवे, निळे बारीक खडे. घातल्या, आठवडा गेला, कान जसेच्या तसे. एवढी घोडी झालेली पोर आरशासमोर मान हलवून खडे चमकवत बसायची. मला बघून बरं वाटायचं.

तेवढ्यात लग्न ठरलं. मुलगा बार्शीचा, शिवानंद, शाळेत शिक्षक. त्याच्यात काही खोट नाही. खोट आमच्या घरातल्या फोनमध्ये आहे. साखरपुड्याच्या आधी सासूबाईंनी बार्शीला फोन लावला आणि विहीणबाईंना कौतुकानं सांगितलं, पोरीनं स्टीलच्या रिंगा घेतल्यात, खडं लई भारी हायत. आता साखरपुड्याच्या तोंडावर रिंग म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं बोटच येणार. संध्याकाळी शिवानंदच्या काकांचा फोन. त्यांनी आमच्या ह्यांना अगदी गोड आवाजात विचारलं, की सोलापुरात जावयाला स्टीलची अंगठी घालायची पद्धत आहे का. ह्यांना काही कळलं नाही. आणि ह्यांना काही कळलं नाही की हे व्हय म्हणतात. व्हय म्हणाले. ती आग विझवता विझवता माझ्या नाकी नऊ आले.

अंगठीचं मिटलं तर कानाचं निघालं. म्हणजे पोरगी कानात लोखंड घालते? आणि वर निळा खडा? तो नीलम तर नव्हं? रास कुठली, साडेसाती कधी संपली, कुणाला विचारून घातला? मी म्हटलं, नीलम त्या भावात मिळाला असता तर अख्ख्या नवी पेठेनं घातला असता. कुणी हसलं नाही. बार्शीहून निरोप आला, की हळदीदिवशी विजयमालाबाई, म्हणजे विहीणबाई, स्वतःच्या हातानं सुनेच्या कानात घरचे सोन्याचे झुबे घालणार. त्यांच्यात ते सासूकडून सुनेकडं जातात.

मी ह्यांना म्हटलं, कानाचं खरं काय ते सांगून टाका. तर म्हणाले, असं कसं सांगायचं, पोरीतच खोट हाय म्हणतील. दोन दिवस सोसंल की ती.

दोन दिवस. जो तो दोन दिवस म्हणत होता. हळद, लग्न, पूजा, जागरण-गोंधळ, पाचपरतावण. नव्या नवरीचे दोन दिवस कधी संपतात ते कुणीतरी मला सांगावं. शेवटी मीच विजयमालाबाईंना फोन केला आणि दवाखान्यापर्यंतचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आमच्यात झुबंच घालत्यात, आणि फोन ठेवला. त्या दिवशीच्या भाकरी मी कशा थापल्या माझं मला ठाऊक.

आणि कळस म्हणजे आरोही. मला म्हणते, घालते मी, आई, लग्नात भांडण नको. मला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. झुब्यांचं एवढं काही नव्हतं हो. पण पहिल्याच दिवशी पोर मुकाट्यानं सोसते असं त्या घराला दिसलं, की पुढं जन्मभर तिला कुणी विचारणार नाही, ह्याची मला धास्ती होती.

हळदीदिवशी बार्शीहून जीपनं नवऱ्याची उष्टी हळद आली, सोबत विजयमालाबाई. डोक्यावरचा पदर कानाखाली घट्ट ओढलेला. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात मांडव टाकला होता. त्यांनी आरोहीच्या रिंगा काढून ताटात ठेवल्या आणि झुबे घातले. भोकं बारीक, झुब्याची दांडी जाड. त्यांनी दाबलं तसं पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बायका म्हणाल्या, माहेर सुटायचं म्हणून रडतीया. मी ओठ चावून उभी होते.

हळद लागली. आणि मग सासूबाईंना आठवलं.

"अगं, हळदीच्या अंगानं पोर बसलीया, जवळ लोखंड कुटाय?"

हळद लागलेल्या नवरीजवळ लोखंड हवंच, नाहीतर बाधा होते. झालं. अडकित्ता कुठल्या गाठोड्यात गेला कुणाला माहीत नाही. सुरी आचाऱ्याकडं, ती द्यायला तो तयार नाही. बार्शीच्या बायकाही म्हणायला लागल्या, लोखंडाबिगर चालायचं न्हाय. हे भिंतीतला खिळा उपसायला धावले.

माझं डोकंच फिरलं. मी ताटातल्या रिंगा उचलल्या आणि सगळ्यांपुढं धरल्या.

"हे घ्या लोखंड. महिनाभर तुमीच म्हणताय की. शनीला चालत न्हाय आन् भुताला चालतंय, एकदा ठरवा काय ते."

हे खिळा हातात धरून उभे. वाटलं, मोडलं लग्न, आणि ते मीच मोडलं.

विजयमालाबाई उठल्या. त्यांनी माझ्या हातातल्या रिंगा घेतल्या, आरोहीला दंडाला धरून आत नेलं आणि मलाही बोलावून कडी लावायला सांगितली. आता शिव्या खायच्या, असं म्हणून मी कडी लावली. त्यांनी आरोहीला खाटेवर बसवलं आणि फिरकीला खोबरेल लावून, जराही हिसका न देता, झुबे काढले. पाळीवर रक्ताचा थेंब आला होता. तो पदरानं टिपला आणि रिंगा घातल्या.

"भाईर मी सांगती, लोखंड म्हणून घातल्यात," त्या म्हणाल्या. "फोनवर तुमी सांगत हुता तवा आमच्या सासूबाई शेजारीच बसल्या हुत्या, इहीणबाई. काय बोलणार?"

मग त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. त्यांच्या कानात सोन्याची फुलं होती. पाळ्या काळ्याठिक्कर, सुजून जाड झालेल्या, आणि फिरकीवर कातडी चढलेली.

"लगीन झालं तवापासनं असंच हाय. एकदा काढलं तर म्हणाल्या, सून खोडीची हाय. मला वाटायचं, जगात मी एकटीच अशी."

महिनाभर मी ह्या बाईसाठी एकापेक्षा एक उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. मला रडू आलं, रागही आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

आरोही हळदीच्या हातानंच उठली. आतल्या स्वयंपाकघरातून कोमट पाणी आणि कापूस घेऊन आली, त्यांना खाटेवर बसवलं आणि पाळी भिजवायला लागली. बाहेरून माझ्या सासूबाई दार वाजवत होत्या, लोखंड घावलं का म्हणून. फिरकी जागची हलत नव्हती.

"दुखतंय का, आत्या?" आरोहीनं विचारलं.

"न्हाय," विजयमालाबाई लगेच म्हणाल्या.

आरोहीनं हात थांबवला आणि ती तशीच थांबून राहिली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई दुखतंय."