लोकरीचा काटा आणि सिद्धूचं वजन

मित्रांनो, मी आटपाडीच्या धुळा धनगराचा जुना ताणकाटा आहे. आता गंजलो आहे, पण कुणाची भीड धरून मी कधी वजन दाखवलं नाही.

आयुष्यभर लोकर तोलायची, एवढंच मला ठाऊक होतं. १९७४ साली नर्स लीलाबाईंनी मला मागून नेलं, लिंबाला टांगलं आणि माझ्या आकड्याला झोळी अडकवली. झोळीत धुळाचाच नातू होता, नऊ महिन्यांचा सिद्धू. पाच किलो! मलाच लाज वाटली.

आईच्या दुधाबरोबर त्याला नुसती ज्वारीची पातळ पेज मिळे. लीलाबाईंनी त्याच्या आईला, रंगुबाईला समजावलं. ज्वारीच्या प्रथिनांत जे उणं असतं ते मटकी भरून काढते, आणि मटकीतलं उणं ज्वारी. म्हणून दोन्ही भाजून दळायचं, शेंगदाण्याचं बारीक कूट घालायचं आणि मऊ शिजवून भरवायचं.

सासू धोंडुबाई आडवी आली. तिचं एक लेकरू हगवणीनं गेलं होतं. मटकीच बाधली, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. रंगुबाईनं तरीही मटकी भाजली.

दुसऱ्या आठवड्यात सिद्धूला जुलाब लागले. मी शंभर ग्रॅम कमी दाखवले. खोटं बोलता आलं असतं, तर त्या दिवशी बोललो असतो. लीलाबाई म्हणाल्या, पाणी उकळून द्या, पण भरवणं थांबवू नका. धोंडुबाईनं मात्र पिठाचा डबाच उचलला. रंगुबाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"आत्याबाई, पेजंवर पोर माझ्या डोळ्यांदेखत सुकलंय. आता मी थांबणार न्हाई. काटा काय म्हणंल ते म्हैन्यानं बघू."

महिन्यानं मी साडेपाच किलो दाखवले, पुढच्या दोन महिन्यांत साडेसहा. आठवड्यानं धोंडुबाई आपल्या लेकीची पोर घेऊन लिंबाखाली आली आणि तिनं स्वतःच्या हातानं तिला झोळीत ठेवलं.

"हिचं बी बघा बाई. पीठ कसं करायचं ते माझी सून सांगंल."

पुढं दवाखान्यात नवा काटा आला आणि मी खुंटीवर गेलो. मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला. पण तुमच्या घरातलं तान्हं सुकत असताना कुणी 'होईल मोठं आपोआप' म्हणालं, तर गप्प बसू नका. त्याला काट्याला लावा, आणि त्याच्या वाटीत काय आहे ते विचारा. मोठी माणसं रागावली तरी विचारा.